पोथ्यांच्या नोंदणीसाठीं एका तक्त्यावरून अनेक फॉर्म

ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील जुन्या इमारती पुनर्विकासासाठीं एकामागून एक पाडल्या जात आहेत. घर रिकामें करावयाच्या आठवड्यांत पोटमाळ्यावरील रुमालांची काय दशा होते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको : अर्धे नातेवाइकांकडे, अर्धे रद्दीच्या गोणींत. त्यापूर्वीं निदान घरोघरच्या हस्तलिखितांची यादी तरी व्हावी, या हेतूनें आम्हीं कांहीं स्नेह्यांसह चाळीसएक घरांची नोंदणी हातीं घेतली. राष्ट्रीय पांडुलिपि मिशन २००३ मध्यें स्थापन झालें. २०२५ च्या अर्थसंकल्पांत ज्ञानभारतम् मिशनची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचें सर्वेक्षण करण्याचें ठरलें. हें सर्व स्तुत्यच आहे. परंतु सर्वेक्षक दाराशीं येईपर्यंत दार शिल्लक राहील कीं नाहीं, ही आमची चिंता होती.

या नोंदणीसाठीं आम्हीं गूगलचे ऑनलाइन फॉर्म वापरले. ते एका तक्त्यावरून एकदम कसे निघाले, आणि त्यांत आमच्या हातून कोणती चूक झाली, हें संग्राहकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.

सर्वांस सारखेच प्रश्न विचारावयाचे असतील तर अनेक फॉर्म करूंच नयेत. फॉर्म एकच ठेवावा व ज्याच्या त्याच्या लिंकमध्यें घराचा क्रमांक आधींच भरून द्यावा. म्हणजे सर्व उत्तरें एकाच पानावर येतात. आमचें प्रकरण निराळें होतें. पहिल्या भेटींत घरोघरचे रुमाल मोजून झाले होते. कोणाकडे तीन, कोणाकडे तीस. उत्तर देणारास आपल्याच रुमालांची यादी समोर दिसावी व तींतील एक निवडून त्याविषयीं लिहितां यावें, यासाठीं प्रत्येक घराचा फॉर्म स्वतंत्र हवा होता. ते हातानें करावयाचे म्हणजे चाळीस ठिकाणीं चुकावयाचें.

रीत अशी. स्प्रेडशीटमध्यें दोन पानें करावीं. पहिल्यांत एका ओळीस एक घर. दुसऱ्यांत एका ओळीस एक रुमाल, व प्रत्येक रुमालापुढें त्याच्या घराचा क्रमांक. नंतर सर्व प्रश्न असलेला एक मूळ फॉर्म सिद्ध करावा. स्प्रेडशीटच्याच मेनूंतून अ‍ॅप्स स्क्रिप्ट उघडते. तींत लिहिलेली आज्ञावली पहिल्या पानाची एकेक ओळ वाचते, मूळ फॉर्मची प्रत काढते, तिला मथळा देते, दुसऱ्या पानावरून त्या घराचे रुमाल वेंचून निवडीच्या यादींत घालते, आणि तयार फॉर्मची लिंक त्याच ओळींत लिहून ठेवते. ही शेवटची पायरी गाळूं नये. आज्ञावली एका खेपेस सहा मिनिटांपेक्षां अधिक चालूं दिली जात नाहीं. ती मध्येंच थांबली व कोणत्या घराचें काम झालें याची खूण नसली, तर दुसऱ्या खेपेस त्याच घरांचे फॉर्म पुन्हां निघतात. शिवाय सर्व उत्तरें एकाच स्प्रेडशीटकडे वळविलीं तरी प्रत्येक फॉर्मसाठीं तींत निराळें पान उघडतें. तीं चाळीस पानें एकत्र करणारी दुसरी लहानशी आज्ञावली आधींच लिहून ठेवावी.

आतां चुकीविषयीं. रुमालांच्या पानावर ‘पत्रें’ असा एक कॉलम होता. त्यांत १-१२, ३-७, १३-४० असे पत्रांक आम्हीं इंग्रजी आंकड्यांत भरले. स्प्रेडशीटनें त्यांतील १-१२ ही तारीख मानली! शीटची प्रादेशिक मांडणी भारतीय असेल तर १ डिसेंबर, अमेरिकन असेल तर १२ जानेवारी. १३-४० ही तारीख होऊं शकत नसल्यामुळें ती जशीच्या तशी राहिली. कित्येकदां पडद्यावर आंकडे पूर्ववत् दिसतात, आंत मात्र तारीख सांठते. त्यामुळें चाळून पाहतांना आम्हांस कांहींच खटकलें नाहीं. आज्ञावलीनें आंतली तारीख उचलली व वार, वर्ष आणि घड्याळाची वेळ यांसह फॉर्ममध्यें घातली. डोंबिवलीच्या एका वृद्ध बाईंनीं फोन करून विचारलें, “सर, आमची पोथी डिसेंबरातली कशी हो? ती तर आजेसासऱ्यांची आहे.”

कॉलम भरण्यापूर्वींच त्याचें स्वरूप ‘साधा मजकूर’ असें ठरविलें असतें तर हें टळलें असतें. मागाहून ठरविल्यानें झालेला बदल उलटत नाहीं. घराचा क्रमांक ००७ असा लिहिल्यास तो नुसता ७ होतो. तेथेंहि हाच उपाय.

पाठचिकित्सा करणारांस यांतला भेद लगेच कळेल. दहा लिपिकारांच्या दहा प्रतींत दोष निरनिराळे पडतात, म्हणून प्रती ताडून मूळ पाठाकडे जातां येतें. येथें चाळीस प्रती चाळीस साक्षी नव्हेत, साक्ष एकच. आणि मूळ फॉर्म किंवा तक्ता नंतर सुधारला तरी निघून गेलेल्या प्रतींत ती सुधारणा उतरत नाहीं. आम्हीं जुने फॉर्म बंद केले, तक्ता दुरुस्त केला, आणि प्रथम दोनच घरांचे फॉर्म काढले : एक तीन रुमालांच्या घराचा, एक तीस रुमालांच्या. ते दुसऱ्याच्या फोनवर उघडून हस्तलिखित यादीशीं अक्षरशः ताडल्यावर उरलेले काढले.

काळाच्या प्रश्नासाठीं फॉर्ममधील तारखेचा तयार प्रकार वापरूं नये. १७८७ मध्यें ठाण्यास सांपडलेल्या शिलाहार अरिकेसरीच्या ताम्रपटाची मिति शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक शुद्ध १५ अशी आहे. अशा मितीस त्या कॅलेंडरांत जागाच नाहीं. शक, संवत्सर, मास व तिथि असे चार प्रश्न ठेवावे, आणि त्यांतील एकहि सक्तीचा करूं नये. सक्तीच्या प्रश्नापाशीं अडलेला मनुष्य कांहीं तरी आंकडा ठोकून देतो, व पुढें कोणी संशोधक त्यावर कालनिर्णय करीत बसतो.

आणखी एक सावधगिरी. लिंक ज्याच्या हातीं पडेल त्यास रुमालांची यादी दिसूं शकते. पोथ्यांच्या व्यापाऱ्यास याहून सोयीचें टिपण कोणतें? म्हणून मथळ्यांत घराचा क्रमांकच घातला. नांव व पत्ता निराळ्या तक्त्यांत ठेवून तो दोघांवांचून कोणास उघडा केला नाहीं.

कल्याणच्या जुन्या भागांतील कांहीं उत्तरें अद्याप यावयाचीं आहेत. त्यांतील दोन इमारती रिकाम्या होऊं लागल्या आहेत, म्हणून तेथें फॉर्मची वाट न पाहतां कागद-पेन्सिल घेऊन आम्ही स्वतःच जाणार आहों.