हवाई बेटांवरील नवा तुडतुडा

आंब्याच्या मोहोराची नासाडी करून आपल्या बागाईतदारांस जेरीस आणणाऱ्या तुडतुड्यांचे दूरचे भाऊबंद पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहावर फार पूर्वी पोहोचले. आणि तेथे बेटागणिक, डोंगरागणिक, झाडागणिक त्यांच्या इतक्या जाती निर्माण झाल्या की, कीटकशास्त्रज्ञ कर्कल्डी यांनी १९०७ साली स्थापिलेल्या 'नेसोफ्रोसिने' या प्रजातीतील कित्येक जाती अद्याप नावावाचून आहेत.

फांदी झोडपून खालच्या कापडावर पाडलेला, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा कीटक नवीन आहे हे केवळ रंगावरून ठरत नाही. नराच्या उदराचे टोक अलग करून, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ भाग विरघळवून, उरलेली जननेंद्रियांची कठीण चौकट ग्लिसरिनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळावी लागते. कारण बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जातींचा भेद पुष्कळदा तेथील एखाद्या काट्याच्या वळणातच असतो. पुढचा दस्तऐवज नियमबद्ध आहे: लॅटिन धाटणीचे नाव, सविस्तर वर्णन आणि एक मुक्रर केलेला प्रमाण-नमुना. हा नमुना कोणत्या संग्रहालयाच्या ताब्यात आहे हे नमूद केल्यावाचून १९९९ नंतरचे नाव ग्राह्य धरीत नाहीत.

परंतु माझ्या मते सर्वांत मोलाची नोंद यजमान वनस्पतीची होय; यांतील बहुतेक जाती एखाद्याच वनस्पतीवर गुजराण करतात, आणि ती नष्ट झाली की कीटकही संपतो. म्हणून प्रत्येक संग्राहकास कळकळीची विनंती आहे, की चिठ्ठीवर झाडाचे नाव लिहिल्याशिवाय नमुना पेटीत ठेवू नये.