हवाई शिपाई

विमान म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें वैमानिक उभा राहतो. परंतु वैमानिक विमानांत चढण्यापूर्वीं एका वहीवर सही करतो, आणि त्याच्या सहीआधीं त्याच पानावर दुसऱ्या कोणाच्या तरी सह्या झालेल्या असाव्या लागतात. ब्रिटिश वायुदलांत या वहीला 'फॉर्म ७००' म्हणत. एंजिन तपासणारा फिटर आणि सांगाडा, पंख व तारा तपासणारा रिगर यांच्या त्या सह्या. त्यांच्या हातून कांहीं राहून गेलें, तर त्याची किंमत आकाशांत दुसराच मनुष्य मोजतो.

भारतीय वायुदलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिग रोड येथें उभी राहिली. चार वापिटी विमानें, सहा अधिकारी आणि १९ हवाई शिपाई, एवढाच तिचा संसार. अधिकारी इंग्लंडांत क्रॅनवेलला शिकून आलेले होते. शिपायांमध्यें मात्र हरजिंदरसिंग नांवाचे एक पंजाबी तरुण होते, त्यांचें शिक्षण लाहोरच्या मॅक्लॅगन इंजिनीयरिंग कॉलेजांत झालें होतें. इंजिनीयरिंग शिकलेल्या मनुष्यानें शिपायाच्या पायरीवर उभें राहावें, हें व्यवहारी माणसाला वेडेपणाचेंच वाटावें. पण यंत्रें सांभाळणें हिंदी माणसाला साधावयाचें नाहीं, असें मानणारे इंग्रज त्या काळीं थोडे नव्हते. त्याला उत्तर द्यावयाचें तर तें वादानें देतां येण्यासारखें नव्हतें. हत्यारें हातांत घेऊनच द्यावें लागणार होतें.

वापिटी हें दोन मजली पंखांचें, उघड्या बैठकीचें विमान. पंखांवर कापड ताणून त्यावर रोगण चढविलेलें असे. त्याच्या ज्युपिटर एंजिनाला नऊ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आणि दोन ठिणगीचे प्लग. म्हणजे ३६ झडपा आणि १८ प्लग यांचा हिशेब मेकॅनिकनें ठेवावयाचा. एंजिन वाऱ्यानें थंड होणारें, आणि कराचीचा वारा वाळूनें भरलेला. पंखांमधील तारांचा ताण कमीअधिक झाला कीं विमान एका अंगाला ओढूं लागे. पुढें वायव्य सरहद्दीवरील मोहिमांत हीं विमानें डोंगरांवरून जात. तेथें एंजिन बंद पडलें तर उतरावयास सपाट जागा मिळणेंही कठीण.

हरजिंदरसिंग हे पायरी पायरीनें चढत वॉरंट ऑफिसर झाले. नोव्हेंबर १९४१ मध्यें मुंबईकरांच्या युद्धदेणगी निधींतून या स्क्वाड्रनला १२ लायसँडर विमानें मिळालीं. लायसँडर हें मूळचें पायदळाच्या मदतीचें. टेहळणी करावी, निरोप टाकावेत, एवढ्या बेताचें. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभीं स्क्वाड्रन ब्रह्मदेशांत टौंगूला पोहोंचली आणि लागलीच जपानी बाँबफेकीशीं गांठ पडली. तेव्हां स्क्वाड्रनचे प्रमुख मजुमदार यांनीं याच विमानांनीं उलट हल्ला करण्याचें ठरविलें. मग तेथल्या तेथें जुळवाजुळव करून प्रत्येक विमानाखालीं २५० पौंडांचे दोन बाँब टांगण्यांत आले. मजुमदार थायलंडच्या हद्दींतील मे-हाँग-सॉन येथील विमानतळावर चालून गेले, आणि दुसऱ्या दिवशीं सारी स्क्वाड्रन. त्या पराक्रमाचें श्रेय वैमानिकांना मिळालें, आणि तें रास्तच होतें. परंतु ज्या कामासाठीं विमान घडविलेलें नाहीं, त्या कामाला तें जुंपावयाचें, म्हणजे वजन कोठें पेलेल, बाँब ऐन वेळीं सुटेल कीं अडकून राहील, याचा निर्णय जमिनीवरच व्हावा लागतो. ही जबाबदारी हरजिंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर होती. ब्रह्मदेशांतील कामगिरीबद्दल त्यांना एम्. बी. ई. हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षीं ते अधिकारीही झाले.

स्वातंत्र्यानंतर कानपूर हें त्यांचें कार्यक्षेत्र झालें. तेथील दुरुस्ती केंद्रांत त्यांनीं 'कानपूर' नांवाचें चार आसनांचें लहान विमान तयार करविलें. तेथेंच जोडलेलें पहिलें अ‍ॅव्हरो ७४८ विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजीं उडालें. त्या वेळीं ते वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे प्रमुख होते. या कमांडचें मुख्यालय मागाहून नागपुरास आलें. १९६३ सालीं ते एअर व्हाइस मार्शल म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या आठवणींचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ सालीं, दिल्लीस प्रसिद्ध झालें.