एक शब्द आणि काळी शाई

विनोबा भावे १९३२ साली वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहायला आले. सूत कातून मिळेल तेवढ्या मजुरीवर जगून पाहण्याचा त्यांचा प्रयोग इथलाच. मेलेल्या गुरांची कातडी कमावणारं चर्मालयही इथे होतं. अशा गावाकडून चित्रासाठी एकच शब्द घ्यायचा, तर मी ‘सूत’ घेईन.

जेक पार्कर या अमेरिकन चित्रकारानं २००९ मध्ये ‘इंकटोबर’ सुरू केलं: ऑक्टोबरभर रोज एक शाईचित्र. पुढे दर दिवसासाठी एकेक शब्दही ठरू लागला. पण नुसत्या शब्दानं मन हलतं कसं? इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टननं १८७९ मध्ये हे स्वतःवरच तपासलं. एकेक शब्द बघायचा, मनात येईल ते टिपायचं. वर आलेल्या गोष्टींतला मोठा वाटा बालपणीचा आणि तरुणपणीचा निघाला!

म्हणून ‘सूत’ म्हटल्यावर आधी सुचणारे चरखा, पेळू, टकळी सरळ कागदाच्या कडेला लिहून टाकावेत. ते सगळ्यांनाच सुचतात. जरा थांबलं की आजीचा हात आठवतो, त्यावरच्या फुगलेल्या शिरा आठवतात. आता दोन्ही जोडा: मनगटातून निघालेली शीर टकळीवर गुंडाळली जाते आहे. स्वप्नात असतं तसं अशक्य, तरी खरं वाटणारं चित्र इथे जन्मतं. हात अगदी हुबेहूब काढावा. तो खोटा वाटला तर शीरही खोटी वाटते.

शाईत करडा रंग नसतो. बारीक रेघा जवळजवळ ओढल्या की सावली डोळ्यांतच तयार होते. टाकावर जोर दिला की निबची फट उघडते, रेघ जाड होते. हात थरथरला तर तेही कागदावर उमटतं आणि खोडता येत नाही. भावना येते ती इथून, चेहऱ्यावरच्या अश्रूंतून नव्हे.

आणि शाई कोणती? हिरड्याचा काढा आणि हिराकस. हिरड्यातलं टॅनिन हिराकशीतल्या लोखंडाशी जुळतं. ओढताना फिकी असलेली रेघ हवा लागली की काळी होत जाते. आपल्याकडे कातडी कमावायलाही हिरडा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, कारण हेच टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरून ते कुजू देत नाही. एकाच फळात चामडं आणि चित्र!

घरी करून बघा. फक्त ही शाई फाउंटन पेनात भरू नका, गाळ बसून ते तुंबतं. बोरू किंवा बुडवायचा टाकच घ्या.