डिचोलीचा कारभारी कोण?

डिचोलीत बुधवारचा बाजार भरला की पावतीपुस्तक घेतलेला एक माणूस फिरताना दिसतो. कुणी मिरच्या विकत असो, कुणी सुकी मासळी, कुणी झाडू. तो समोर येऊन उभा राहतो, थोडे पैसे घेतो आणि एक चिठ्ठी फाडून हातावर ठेवतो. याला गोव्यात म्हणतात सोपो. बाजाराची जागा वापरली, त्याचा हा कर. विकणाऱ्या मावशी कुरकुरतात, पण देतात.

आता सांगा, हा सोपो किती घ्यायचा हे ठरवलं कुणी? त्या पावतीवाल्यानं? छे. त्यानं फक्त वसुलीचं काम घेतलेलं असतं. मग आमदारांनी? मामलेदारांनी? तेही नाही. ठरवलं नगरपालिकेनं. पण नगरपालिका म्हणजे तरी कोण? ती रंगवलेली इमारत काही दर ठरवत नाही!

चला, आत डोकावू.

आत दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, आपण मत देऊन पाठवलेली. दुसरी, सरकारनं नेमून पाठवलेली. सगळी गंमत या दोघांच्या जोडीत आहे.

मतं देऊन पाठवलेले ते नगरसेवक. शहराचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना प्रभाग म्हणतात, आणि एका प्रभागातून एक नगरसेवक निवडून येतो. २०२१ च्या निवडणुकीत पेडण्यात १० प्रभाग होते आणि डिचोलीत १४. आता जरा भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत पेडणे शहराची लोकसंख्या ५,००० च्या आसपास होती. म्हणजे एका नगरसेवकामागे सुमारे ५०० माणसं! मुंबईत नगरसेवक २२७ आणि माणसं सव्वा कोटीच्या घरात. तिथे एकाच्या वाट्याला पन्नास हजारांहून जास्त लोक येतात. मुंबईच्या मुलाला आपला नगरसेवक बहुतेक फलकावरच दिसतो. पेडण्याच्या मुलाला तो म्हापशाच्या बसमध्ये शेजारी बसलेला सापडू शकतो, आणि "काका, आमच्या वाड्यावरचं गटार कधी साफ होणार?" असं तोंडावर विचारता येतं. मला विचाराल तर छोट्या शहराचं हे फार मोठं सुख आहे.

हे नगरसेवक आपल्यातल्याच एकाला नगराध्यक्ष करतात. म्हणजे गोव्यात नगराध्यक्षाला आपण थेट मत देत नाही. पूर्वी ही निवड गुप्त मतदानानं व्हायची. २०२२ मध्ये नियम बदलला आणि सर्वांसमोर हात वर करायची पद्धत आली. यातली कुठली चांगली, यावर घरी भांडण लावून बघा. हात वर केला की कोण कुणाच्या बाजूचा ते लगेच कळतं. आता ते चांगलं की वाईट? मोठ्यांचंही एकमत होत नाही.

आणि निवडून आल्यावर नगराध्यक्षाची खुर्ची पाच वर्षं पक्की, असंही नाही. बहुसंख्य नगरसेवकांनी अविश्वास ठराव मंजूर केला की खुर्ची गेली. गोव्यातली वर्तमानपत्रं वाचत असाल तर ही बातमी तुम्हाला नवीन नसेल!

चौकस मुलांना एक शंका आली असेल. पेडण्यात नगरसेवक दहा. पाच इकडे, पाच तिकडे झाले तर? त्याचीही सोय आहे. बैठकीत मतं समसमान पडली तर बैठक चालवणाऱ्या अध्यक्षाला एक जादा मत देता येतं. त्याला निर्णायक मत म्हणतात.

आता जोडीतला दुसरा, मुख्याधिकारी. हा निवडून येत नाही. राज्य सरकार त्याची नेमणूक करतं आणि बदलीही करतं. नगरसेवकांनी ठराव केला की तो प्रत्यक्षात आणायचं काम याचं. दुकानाच्या परवान्यावर सही याची, कामगार याच्या हाताखाली, हिशेबाची जबाबदारीही याची. नगराध्यक्षांना वाटलं म्हणून ते तिजोरी उघडून पैसे देऊ शकत नाहीत, आणि मुख्याधिकाऱ्याला वाटलं म्हणून तो नवा कर बसवू शकत नाही. एकानं ठरवायचं, दुसऱ्यानं करायचं. दोघांचं पटलं नाही की कामं रखडतात, हे खरंच. पण ठरवणारा आणि पैसे देणारा एकच असता तर त्याला "थांब" म्हणायला कुणीच उरलं नसतं. या दोघांवर नजर ठेवायला पणजीत नगरपालिका प्रशासनाचे संचालक असतात. आणि पणजीला स्वतःची महानगरपालिका असल्यामुळे तिथे नगराध्यक्षांच्या जागी महापौर आणि मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त. गोव्यात अशी महानगरपालिका ही एकच. नगरपालिका मात्र तेरा आहेत.

बरं, तुमच्या नळाला पाणी आलं नाही. धावलात नगरपालिकेत? चुकलात! गोव्यात पाणी देतं राज्य सरकार. वीजसुद्धा राज्याच्याच वीज खात्याची. पोलीस राज्याचे, कदंबची बस राज्याच्या महामंडळाची, सरकारी प्राथमिक शाळा शिक्षण खात्याची. मुंबईत मात्र पाणी, अग्निशमन दल आणि शेकडो शाळा महापालिकाच चालवते. न्यूयॉर्कचा महापौर तर शहराचा पोलीसप्रमुखही नेमतो. आपले नगराध्यक्ष चौकातल्या वाहतूक पोलिसाला हुकूम सोडू शकत नाहीत.

मग उरलं काय? कचरा, गटारं, आतले रस्ते, बाजार, बांधकामाचे आणि दुकानांचे परवाने, जन्ममृत्यूची नोंद. चवथीच्या आधी माटोळीचं सामान घेऊन गावागावांतून लोक येतात, त्यांना नीट बसवणं आणि संध्याकाळी तो सगळा पालापाचोळा उचलणं. वाचायला साधं वाटतं ना? चवथीच्या दिवसांत कचऱ्याची गाडी चार दिवस आली नाही, तर काय होईल याची कल्पना करा. नाक धरूनच करा!

या सगळ्याला पैसे लागतात. घरपट्टी, सोपो, परवान्यांचं शुल्क, पालिकेच्या दुकानांची भाडी यांतून थोडे जमतात. उरलेल्यासाठी राज्य सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावं लागतं. ज्याचा पैसा त्याचा शब्द चालतो, हे नगरपालिकेलाही चुकत नाही.

या कारभाराचं पुस्तक म्हणजे १९६८ चा गोवा नगरपालिका कायदा. तेव्हा मुख्यमंत्री होते भाऊसाहेब बांदोडकर, ज्यांचा जन्म पेडण्याचा. पुढे ७४ वी घटनादुरुस्ती झाली. ती १९९३ मध्ये लागू झाली आणि देशभरच्या नगरपालिकांना घटनेत हक्काची जागा मिळाली: मुदत पाच वर्षांची, आणि किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव.

ही राखीव जागांची गोष्ट नुसती कागदावरची नाही बरं का. २०२० मध्ये कोविडमुळे निवडणुका लांबल्या. शेवटी २० मार्च २०२१ रोजी पेडणे, डिचोली वगैरे सहा नगरपालिकांत आणि पणजीत मतदान झालं. पण म्हापसा, मडगाव, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच ठिकाणी झालं नाही. का? तिथे प्रभागांचं आरक्षण नीट ठरवलेलं नव्हतं, महिलांच्या जागा कमी पडत होत्या. लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते आरक्षण रद्द केलं, आणि १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. आरक्षण पुन्हा ठरवावं लागलं आणि या पाच शहरांनी एप्रिलमध्ये मतदान केलं.

त्याच निकालात आणखी एक मोठी गोष्ट होती. त्या वेळी गोव्याचे राज्य निवडणूक आयुक्त हे सरकारचे कायदा सचिवही होते. सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, हे चालणार नाही. एका संघाचाच खेळाडू अंपायर कसा होईल? निवडणूक आयुक्त स्वतंत्रच हवा, आणि हे फक्त गोव्यात नाही, भारतातल्या प्रत्येक राज्यात. आपल्या छोट्या गोव्यातल्या भांडणातून सगळ्या देशाला लागू होणारा नियम निघाला!

आणखी एक. मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यात आहे, पण पेडणे नगरपालिकेत नाही. हरमल, मोरजी, मांद्रे हेही नाहीत. तिथे ग्रामपंचायती आहेत, सरपंच आणि पंच आहेत. तेव्हा तक्रार करण्याआधी आपण नेमके कुणाच्या हद्दीत राहतो ते बघून घ्या. घरपट्टीची जुनी पावती घरात कुठेतरी असेलच. ती शोधा, त्यावर नगरपालिकेचं नाव आहे की पंचायतीचं ते वाचा. मग आपल्या प्रभागाचा नगरसेवक किंवा पंच कोण, हे आईबाबांना विचारा. त्यांना सांगता आलं नाही तर तुम्हीच शोधून त्यांना सांगा. मत द्यायला १८ वर्षं पूर्ण लागतात आणि नगरसेवकाच्या निवडणुकीला उभं राहायला २१. तुम्ही आज सहावीत असाल, तर फार वर्षं उरलेली नाहीत.