स्थानिक शेती, स्थानिक उद्योग (लेखांक ६) : रातांब्यापासून आमसुलापर्यंत

कोकम हे कोकण आणि गोव्याच्या पट्ट्यातले सदाहरित झाड. त्याच्या फळाला सिंधुदुर्ग-रत्नागिरीत रातांबा म्हणतात, गोव्यात भिरंड. बांधावर, परसात, नारळी-पोफळीच्या सावलीत ते फारशा खतपाण्याविना वाढते. फळ मुख्यतः एप्रिल-मेमध्ये पिकते. पिकलेला रातांबा जेमतेम आठवडाभर टिकतो आणि हंगाम सरताना पाऊस तोंडावर आलेला असतो. त्यामुळे ताजे फळ दूरच्या बाजारात पाठवणे जोखमीचे ठरते. गावातच प्रक्रिया झाली, तर या फळाचा पैसा होतो.

ही प्रक्रिया घरच्या अंगणात होण्यासारखी आहे. फळ फोडून साल वेगळी काढतात. रसात मीठ घालून त्यात साल भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची. अशी पुटे दिली की काळसर, मऊ आमसूल तयार होते. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. सोलकढीसाठी तो वापरतात. सालीत साखर मुरवून सरबताचा पाक, म्हणजे अमृत कोकम करतात. बियाही वाया जात नाहीत. त्यांतून निघणारे तेल थंडाव्यात घट्ट होते. टाचांच्या भेगांवर ते घरोघरी लावतात आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांतही त्याला मागणी असते.

फळ तसेच विकले, तर बागायतदाराला एकदाच आणि व्यापारी देईल तो भाव मिळतो. आमसूल वर्षभर टिकते, म्हणून भावासाठी थांबता येते. शिवाय फोडणी-वाळवणीची मजुरी, बाटल्या भरण्याचे काम, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा यांतला बराच पैसा पंचक्रोशीतच फिरतो. या कामाचा मोठा भार स्त्रिया उचलतात. त्यामुळे बचत गटांना हा उद्योग विशेष सोयीचा आहे. पर्यटकाने वाटेत घेतलेली आगळाची बाटली थेट उत्पादकाच्या हाती पैसे देते.

अडचणीही खऱ्या आहेत. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून लावलेल्या रोपांतली सुमारे निम्मी नर निघतात आणि त्यांना फळ येत नाही. हे कळेपर्यंत काही वर्षे जातात. त्यावर उपाय म्हणजे मादी झाडाची कलमे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती दिल्या आहेत. ढगाळ हवेत साल बुरसते. तिथे सौर वाळवणी यंत्र उपयोगी पडते. अशा यंत्रांच्या भांडवलासाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. मात्र त्याचा लाभ स्वच्छता, योग्य वेष्टन आणि दर हंगामात सारखी प्रत राखणाऱ्या उत्पादकालाच मिळतो.