राजाच्या मुखी अमात्याचे बोल : ‘आज्ञापत्र’ आणि कोवलमचा कोट

प्राचीन इजिप्तमध्ये ‘सेबाइत’, म्हणजे शिकवण, या नावाचा उपदेशपर वाङ्मयप्रकार रूढ होता. त्यातील दोन रचना राजधर्माविषयी आहेत. मेरिकारेला केलेल्या शिकवणीत वृद्ध राजा पुत्राला बजावतो, की विधवेला छळू नये, कोणास वडिलार्जित मिळकतीवरून हुसकावू नये; आणि थिनिसच्या दफनभूमीचा विध्वंस आपल्याच राजवटीत झाला, हेही तो कबूल करतो. पहिल्या अमेनेमहेतच्या शिकवणीत तर कटाला बळी पडलेला राजाच मरणोत्तर बोलतो. ही रचना खेती नामक लेखनिकाची, असे रामेसीय काळातील एका पपायरसात नमूद आहे. राजाच्या तोंडचे शब्द सेवकाने लिहिलेले असावेत, ही गोष्ट मराठी अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ 1715च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावे सिद्ध झाले. पंत 1674च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत होते. 1689मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले तेव्हा महाराष्ट्रातील कारभार ‘हुकुमतपनाह’ या पदवीनिशी त्यांच्याकडे सोपविला गेला. राज्य हातातून कसे जाते, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते. म्हणूनच या ग्रंथात दुर्ग, आरमार, वतनदार यांविषयीचा विचार पोथीनिष्ठ राहत नाही. आरमारासाठी लाकूड हवे, तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, ही सूचना मेरिकारेच्या पित्याला सहज पटली असती.

तथापि ‘आज्ञापत्रा’चा खरा कस लागतो तो टोपीकरांविषयीच्या विवेचनात. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस हे इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, आणि व्यापाराबरोबर भूमीचाही लोभ आहे, असे पंतांचे निदान. वखारीस जागा देणे भागच पडले तर ती समुद्र व खाडीपासून दूर, सखल व आपल्या माऱ्यात असावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. (येथे नीतिशास्त्रापेक्षा किल्लेदाराची नजर अधिक दिसते.)

या सूचनेचे मोल कोकणाबाहेरही पडताळता येते. चेन्नईच्या दक्षिणेस, कोरोमंडल किनाऱ्यावर कोवलम हे बंदर आहे. कर्नाटकच्या नबाबांच्या काळात त्याला सादतबंदर म्हणत. 1722मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सची सनद मिळालेल्या ओस्टेंड कंपनीचे ठाणे तेथे, ऐन समुद्रकाठी, होते. इतर युरोपीय सत्तांच्या दबावामुळे 1727मध्ये ती सनद स्थगित झाली. म्हणजे कोवलमच्या व्यापाराचा निर्णय अर्काटात नव्हे, युरोपात झाला. पाठीशी राजे असतात याचा अर्थ हाच.

पुढे नबाब अन्वरुद्दीनखानाने तेथे कोट उभारला. 1749च्या अंबूरच्या लढाईत फ्रेंच फौज त्याच्या शत्रूंच्या बाजूने होती. तीत तो मारला गेला. त्यानंतर 1750मध्ये फ्रेंचांनी कोट घेतला. आजारी खलाशांना आश्रय हवा, असे सांगून त्यांनी आत प्रवेश मिळविल्याची हकीकत सांगतात. 1752मध्ये क्लाइव्हने तो फ्रेंचांकडून जिंकला आणि पाडून टाकला. नबाबाने बांधलेल्या कोटासाठी शेवटी दोन टोपीकरच झुंजले.