जमीन हलली तर काय कराल?

मुलांनो, "नागपुरात कुठं भूकंप होतो?" असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. उन्हाळा म्हटला की आपल्याला सगळं ठाऊक असतं, पण भूकंप म्हटला की तो दूर कुठं तरी, गुजरातेत नाही तर जपानात! मग ही गोष्ट वाचा.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागातली माणसं गणपती बोळवून दमूनभागून झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. आणि गंमत नाही, खरं सांगते, त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. पुढे २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरलं. जबलपूर तर आपलं शेजारीच. म्हणून भूकंप येवो न येवो, काय करायचं ते ठाऊक हवं.

माणसं कशानं दगावतात?

जमीन दुभंगते आणि माणसं गडप होतात, असं सिनेमात दाखवतात. किल्लारीत तसं झालं नाही. तिथली घरं दगड-मातीची होती. भिंती जाड, पण दगड नुसत्या मातीत बसवलेले. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून ही सोय. हादऱ्यानं भिंती ढासळल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. पाच दिवसांनी जवानांनी ढिगाऱ्यातून एका चिमुकलीला जिवंत बाहेर काढलं. ती खाटेखाली होती!

दुसरी गोष्ट गुजरातमधल्या अंजारची. २६ जानेवारी २००१ ला सकाळी शाळेची मुलं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत चालली होती. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना इमारती. त्या कोसळल्या आणि १८५ मुलं व २० शिक्षक गेले.

म्हणजे लक्षात काय ठेवायचं? जीव जातो तो अंगावर पडणाऱ्या वस्तूंनी. ही एक गोष्ट पक्की कळली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

हादरे बसत असताना

वर्गात असाल तर लगेच खाली बसा, बाकाखाली शिरा, डोकं झाका आणि बाकाचा पाय घट्ट धरा. बाक सरकला तर त्याच्याबरोबर तुम्हीही सरका. घरी मजबूत टेबल चालेल. काहीच नसेल तर खिडकी, काच आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीशी बसून हातांनी डोकं-मान झाका. अंथरुणात असाल तर तिथंच राहा, उशी डोक्यावर घ्या. जिन्याकडे धावू नका, लिफ्टला तर हातच लावू नका. घर दगड-मातीचं असेल आणि तुम्ही अगदी दाराशीच असाल, तर मात्र चटकन मोकळ्या जागेत जा.

रस्त्यावर असाल तर इमारती, झाडं, विजेच्या तारा यांपासून लांब व्हा. महाल-इतवारीच्या अरुंद गल्लीत बाहेर उभं राहणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, हे अंजारनं शिकवलं आहे.

हादरे थांबल्यावर

आधी पायात चपला घाला, कारण जमिनीवर काचा असतील. मोठ्यांना सिलिंडरचं रेग्युलेटर बंद करायला सांगा. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. मैदानात जा. पुन्हा छोटे-मोठे धक्के बसतात, म्हणून विसरलेलं दप्तर आणायला आत जायचं नाही. मदतीसाठी ११२ नंबर आहे. उगाच फोन करत बसू नका, जखमींना तो लागला पाहिजे. आणि "रात्री बारा वाजता पुन्हा येणार" अशी कोणी आवई उठवली तर विश्वास ठेवू नका. भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगणं अजून कुणालाच जमलेलं नाही.

चुकून अडकलातच, तर तोंडावर रुमाल धरा, ओरडून दम घालवू नका. पाइपवर किंवा भिंतीवर थांबून थांबून ठोका.

या रविवारी एवढं करा

जपानात १ सप्टेंबरला शाळाशाळांतून सराव होतो. १९२३ च्या त्या दिवशी तिथं मोठा भूकंप झाला होता. आपणही घरापासून सुरुवात करू. वही-पेन घेऊन घरभर फिरा. पलंगाच्या वर फळीवर ट्रंक आहे का? लोखंडी कपाट भिंतीला पक्कं केलंय का? खिडकीबाहेरचा कूलर कशावर उभा आहे? पाणी भरलेला कूलर कुणाच्या डोक्यावर पडला तर? यादी करून आईबाबांना दाखवा. घराबाहेर सगळ्यांनी भेटायची एक जागा ठरवा. मग आजीला हाक मारा आणि टेबलाखाली कसं बसायचं ते तिलाही दाखवा. तिचे गुडघे दुखत असतील, तर तिनं कुठं बसायचं तेही आजच ठरवून टाका.